बावचीचे बी, बंगळुरूची रसायनशाळा आणि रापण्याचा इतिहास

दर वर्षी 24 एप्रिलला, आणि पुन्हा 18 ऑगस्टला, बंगळुरूत सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. सव्वाबाराच्या सुमारास उभ्या नळीची सावली तिच्या बुडाखाली जाऊन नाहीशी होते. शून्य सावलीचा हा क्षण टिपण्यासाठी कोरमंगलातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या आवारापासून शाळांच्या मैदानांपर्यंत मुले पेले, बाटल्या, पीव्हीसीच्या नळ्यांचे तुकडे मांडून बसलेली असतात. मीही अशा कार्यक्रमांत मदतीला उभा राहिलो आहे. एका एप्रिलमध्ये कार्यक्रम आटोपून घरी आलो तेव्हा मानेची मागची बाजू झोंबत होती, आणि घड्याळाच्या पट्ट्याखालचा भाग सोडला तर सबंध हात दोन छटांनी गडद झाला होता. नवल असे की दिवसभरात ऊन म्हणावे तसे जाणवलेच नव्हते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरची ती सौम्य हवा, मधूनच येणारी झुळूक. बंगळुरूचे लोक ज्या हवेचा अभिमान बाळगतात, तिनेच फसवले.

त्याच आठवड्यात जर्मनीत संशोधन करणाऱ्या एका मित्राशी बोलणे झाले. त्याच्या घराखालीच एक ‘झोनेनश्टुडिओ’ आहे. तेथे लोक पैसे मोजून काचेच्या पेटीत, अतिनील दिव्यांच्या मध्ये, दहा-पंधरा मिनिटे झोपतात आणि रापून बाहेर पडतात. या पेटीला टॅनिंग बेड म्हणतात. मी फुकट आणि नकळत जे मिळवले, ते तेथे विकत मिळते.

मराठीला ‘रापणे’ हा शब्द नवा नाही. शेतकऱ्याचा चेहरा रापतो, कोळ्याची पाठ रापते, वारीहून परतलेली माणसे रापलेली असतात. त्या शब्दात कष्ट आहेत, कौतुकही आहे. पण मुद्दाम रापून घ्यावे अशी कल्पना त्यात कुठेच नाही. ती कल्पना युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकात रुजली. आणि त्या इतिहासाचे एक पान, फार थोड्यांना ठाऊक असलेले, याच बंगळुरूत सेंट्रल कॉलेजच्या रसायनशाळेत लिहिले गेले. आजचे टिपण त्या पानाविषयी आहे.

आधी थोडे भौतिकशास्त्र. प्रकाशकणाची तरंगलांबी जितकी लहान, तितकी त्याची ऊर्जा अधिक. 1240 या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. हे एवढे सूत्र विद्यार्थ्यांनी पाठच करून ठेवावे. 1000 नॅनोमीटरच्या अवरक्त कणाकडे सव्वा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा असते. तो त्वचा तापवतो, रेणूंना हलवतो, पण रेणूंतले बंध बदलण्याइतके बळ त्याच्यात नसते. 300 नॅनोमीटरच्या कणाकडे 4.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, आणि डीएनए त्याला थेट शोषून घेतो. हा यूव्ही-बी, म्हणजे 280 ते 315 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. 365 नॅनोमीटरचा कण यूव्ही-ए पट्ट्यातला, 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. डीएनए त्याला फारसे शोषत नाही, परंतु तो त्वचेत अधिक खोलवर पोचतो. आपल्याला जाणवते ती उष्णता. अतिनीलासाठी शरीरात कोणतेही ज्ञानेंद्रिय नाही. म्हणून गार वाऱ्यात उभा असलेला माणूस भाजून निघतो आणि त्याला ते संध्याकाळी कळते.

त्वचा लाल करण्याच्या कामात 300 नॅनोमीटरचा कण 360 च्या कणापेक्षा हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढच्या गोंधळाचे मूळ त्यातच आहे.

सूर्याकडून निघालेल्या यूव्ही-बीचा फार मोठा भाग वरच्या ओझोनमध्ये अडतो, आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांवर ओझोनचा हा थर समशीतोष्ण प्रदेशांहून पातळ असतो. भारतावरचा ओझोन मोजण्याचे काम 1928-29 च्या सुमारास कोडाईकॅनालच्या वेधशाळेत डॉब्सन यांच्या उपकरणाने सुरू झाले. ओझोन मोजण्यासाठी फुग्यातून वर पाठवण्याचे भारतीय उपकरण पुण्याच्या हवामान खात्यात साठच्या दशकात ॲना मणी यांनी घडवले. या ॲना मणी 1940 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या आणि हिरे व माणके यांच्या प्रकाशाचे वर्णपट घेत तासन्‌तास बसत. एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. येथे त्यांचे ऋण नोंदवून पुढे जातो. डोक्यावरचा सूर्य, पातळ ओझोन आणि उंचावरचे शहर यांची बेरीज अशी की एप्रिलच्या निरभ्र दुपारी बंगळुरूचा अतिनील निर्देशांक 11 च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही सर्वांत वरची पायरी.

आता बावचीकडे येतो, आणि त्यासाठी मला घरची एक गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या आत्याच्या हातावर कोड होते. मी सात-आठ वर्षांचा असेन. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि पाहुणे यायचे त्या दिवशी तिने लांब बाह्यांचा ब्लाउज घालावा अशी आजीची ताकीद असे. कोड संसर्गजन्य नाही, महारोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, त्यात केवळ त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात. हे आज लिहायला एक वाक्य पुरते. त्या घरात ते कुणी उच्चारले असते तरी कुणाला पटले नसते. मग कोणीतरी एका वैद्याचे नाव सुचवले. त्याने बावचीचे तेल दिले आणि ते लावून उन्हात बस, असे सांगितले. किती वेळ, ते सांगितले नाही. आत्या गच्चीवर बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या हातावर पाण्याने भरलेले टपोरे फोड आले होते. मी तिला विचारले होते, “आत्या, तू भाजलीस का गं?” ती म्हणाली, “नाही रे, औषध लागू पडतंय.” तिला तसेच सांगण्यात आले होते.

एका अर्थाने ते खरेही होते, आणि म्हणूनच ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात येते. बावची, संस्कृतात बाकुची, हे शेताच्या बांधावर उगवणारे एक साधे झुडूप. तिच्या काळ्या बियांचा कोडावरचा उपयोग आपल्याकडे फार जुना. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वित्रावर, म्हणजे कोडावर, काकोदुंबराचा रस देऊन रोग्याला सोसेल तितके ऊन घ्यायला लावावे आणि मग डागांवर जे फोड येतील ते काट्याने फोडावेत असे सांगितले आहे. ‘सोसेल तितके’ हा त्यातला मोलाचा भाग. त्यात मात्रेची जाणीव आहे, मोजण्याचे साधन मात्र नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी उगवणारी आम्मी माजुस ही दुसरी वनस्पती अशाच कामी वापरली जाई, आणि तेराव्या शतकातील इब्न अल-बैतार याने तिची नोंद केली आहे. दोन संस्कृती, दोन निरनिराळ्या वनस्पती, एकच उपचार: आधी झाड, मग ऊन.

आधुनिक काळात कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत आर. एन. चोप्रा यांनी 1927 साली बावचीच्या घटकांवर आणि औषधी परिणामांवर निबंध प्रसिद्ध केला. परंतु त्या बियांमध्ये नेमके काम करणारे द्रव्य कोणते, हा प्रश्न उरलाच होता. तो बंगळुरूत सुटला. सेंट्रल कॉलेज हे तेव्हा म्हैसूर विद्यापीठाचे विज्ञानाचे केंद्र. तेथील रसायनशास्त्रज्ञ एच. एस. जोइस, बी. एल. मंजुनाथ आणि एस. वेंकट राव यांनी बावचीच्या बियांमधून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले आणि 1933 मध्ये इंडियन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये ते जाहीर केले. वनस्पतीच्या तत्कालीन शास्त्रीय नावावरून, सोरालिया कोरिलिफोलियावरून, त्याचे नाव सोरालेन पडले. तीन वर्षांनी, 1936 मध्ये, व्हिएन्नाच्या एर्न्स्ट श्पेट यांच्यासह मंजुनाथ आणि जोइस यांनी या रेणूची रचना निश्चित केली आणि तो कृत्रिमरीत्या तयारही केला. त्याच वर्षी जपानात अंजिराच्या पानांतून निघालेले ‘फिकुसिन’ हे द्रव्य म्हणजे सोरालेनच निघाले. काकोदुंबर अंजिराच्याच कुळातला, हे आठवले की अंगावर शहारा येतो. अर्थात यावरून चरकाला सोरालेन ठाऊक होते असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. त्याने निरीक्षण नीट केले होते, हे म्हणणे पुरेसे आहे आणि खरे आहे.

सेंट्रल कॉलेजवरून आजही रोज हजारो माणसे जातात. दगडी इमारत तशीच आहे. तेथे काय सापडले ते माझ्या ओळखीच्या रसायनशास्त्रज्ञांपैकीही फार थोड्यांना माहीत होते.

1933 हे साल आणखी एका कारणाने ध्यानात राहते. ज्या वर्षी बंगळुरूत सोरालेन जाहीर झाले, त्याच वर्षी जामनगरला रणजितसिंहजींच्या पुढाकाराने एक विलक्षण इमारत उभी राहिली: उंच मनोऱ्यावर बसवलेले, सूर्याच्या दिशेने फिरणारे सोलॅरियम. फ्रान्सच्या ज्याँ सैदमान यांची ती कल्पना. रुग्णाला दिवसभर सूर्यासमोर ठेवायचे, भिंगांनी आणि गाळण्यांनी हवे ते किरण निवडायचे. त्या काळी ऊन हेच औषध होते. कोपनहेगनच्या नील्स फिन्सन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी 1903 चे नोबेल मिळाले होते, स्वित्झर्लंडच्या डोंगरांत क्षयरोग्यांना उघड्या अंगाने उन्हात निजवले जाई, आणि मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली बसवले की हाडे सुधारतात हेही सिद्ध झाले होते. जे शरीराला बरे करते ते सुंदरही दिसू लागते. कारखान्यांच्या धुराखाली फिकट पडलेल्या युरोपात रापलेले अंग हे आरोग्याचे आणि पुढे फुरसतीचे लक्षण ठरले, ते या वातावरणात.

सोरालेनची पुढची वाटचाल कैरोत झाली. आम्मी माजुसमधून 1947 मध्ये सोरालेनचा एक भाऊबंद, 8-मेथॉक्सिसोरालेन, वेगळा केला गेला, आणि पुढच्याच वर्षी अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी कोडाच्या रुग्णांवरील आपले पहिले निष्कर्ष मांडले. हा रेणू अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असतो. का, ते साठच्या दशकात इटलीतील पादुआच्या मुझायो आणि रोदिघिएरो यांच्या कामातून उलगडले. सोरालेन सपाट आहे. डीएनएच्या जिन्यातील दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत तो अलगद सरकतो आणि तेथे थांबून राहतो. यूव्ही-एचा एक कण आला की तो एका बाजूच्या थायमिनला चिकटतो. दुसरा कण आला की पलीकडच्या पट्टीलाही चिकटतो, आणि जिन्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना टाचल्या जातात. तशी पेशी विभागू शकत नाही. म्हणजे एरवी डीएनएला फारसा न लागणारा यूव्ही-ए, सोरालेन मध्ये आला की थेट डीएनएवर घाव घालतो. आत्याच्या हातावरचे फोड हे या टाचणीचे काम होते.

अशा घातक यंत्रणेचे औषध कसे होते? मोजल्यामुळे. 1974 च्या अखेरीस हार्वर्डच्या जॉन पॅरिश, थॉमस फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी सोरियासिसच्या रुग्णांना मेथॉक्सिसोरालेनची गोळी देऊन, दोन तासांनी यूव्ही-ए नळ्यांच्या कपाटात उभे केले. सोरियासिसमध्ये त्वचेच्या पेशी अनावर वेगाने विभागतात. त्या विभाजनाला खीळ बसली आणि चट्टे निवळले. दर चौरस सेंटिमीटरवर किती जूल पडले हे प्रत्येक वेळी नोंदले जाई. प्रश्न होता पहिल्या मात्रेचा. सुरुवातीला ती केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून ठरवली गेली, आणि काळ्या केसांचे काही रुग्ण भाजले. तेव्हा 1975 मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी रुग्णालाच विचारायचे ठरवले: उन्हात गेलात तर तुम्ही लाल होता की रापता? या उत्तरांवरून त्यांनी त्वचेचे चार प्रकार पाडले. आज जगभर वापरली जाणारी त्वचेची मोजपट्टी ती हीच, आणि तुमच्या फोनमधल्या हाताच्या चित्रांना 2015 पासून ज्या पाच छटा मिळाल्या त्यांचा आधारही हीच मोजपट्टी. मजा अशी की त्या पहिल्या चार प्रकारांत आपण नव्हतोच. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार मागाहून जोडला गेला. बावची आपली, रेणू आपल्या शहरात सापडला, आणि मोजपट्टीवर आपली जागा पुरवणीत.

याच दशकात तेच दिवे एका वेगळ्या दाराने बाहेर पडले. जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फ यांनी यूव्ही-ए नळ्यांची पेटी रापण्यासाठी बाजारात आणली आणि काही वर्षांत ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली. जाहिरातीचा युक्तिवाद असा: भाजतो तो यूव्ही-बी, आमच्या दिव्यांत मुख्यतः यूव्ही-ए आहे, म्हणून हे रापणे सुरक्षित. वर ध्यानात ठेवायला सांगितलेला हजार पटींचा आकडा येथे कामाला आला. आकडा खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. लाली हे नुकसानीचे एक लक्षण आहे, एकमेव नव्हे; आणि कमी प्रभावी कण पुरेशा संख्येने ओतले तर हिशेब भरून निघतो. ताकदवान पेट्यांमधील यूव्ही-ए भूमध्य समुद्रावरच्या भर दुपारच्या उन्हापेक्षा दहा ते पंधरा पट असू शकतो. दवाखान्याच्या कपाटात प्रत्येक जूलची नोंद होती, रुग्णाचे नाव होते, पुढची भेट ठरलेली होती. रापण्याच्या दुकानात होते ते नाण्यावर चालणारे घड्याळ.

सोरालेनलाही हा मोह चुकला नाही. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत मेथॉक्सिसोरालेनची ‘रापण्याची गोळी’ चर्चेत होती. फ्रान्समध्ये तर बर्गामॉट या लिंबाच्या तेलातले 5-मेथॉक्सिसोरालेन घातलेली रापण्याची मलमे अनेक वर्षे समुद्रकिनाऱ्यांवर विकली गेली. 1995 मध्ये युरोपीय संघाने अशा मलमांतील त्याचे प्रमाण किलोमागे एक मिलिग्रॅमपर्यंत खाली आणले, म्हणजे व्यवहारात त्यांना बाजारातून घालवले.

नुकसानीचा पुरावा कुठून आला, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. तो दवाखान्यातून आला, कारण मोजले होते फक्त तेथेच. रॉबर्ट स्टर्न आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या पद्धतीने उपचार घेतलेल्या 1,373 रुग्णांचा पाठपुरावा केला, आणि 1979 मध्येच त्यांच्यात त्वचेचे कर्करोग अपेक्षेहून अधिक आढळल्याचे जाहीर केले. पाठपुरावा पुढे चालूच राहिला. 1997 मध्ये दिसून आले की पहिल्या उपचारानंतर सुमारे पंधरा वर्षांनी मेलानोमाचाही धोका वाढतो, विशेषतः 250 किंवा अधिक वेळा उपचार घेतलेल्यांत. ज्यांनी ही पद्धत शोधली त्यांच्याच वर्तुळातल्या माणसांनी तिचे दोष मोजून दाखवले. त्यानंतर उपचार थांबले नाहीत. मात्रा कमी झाल्या, मर्यादा ठरल्या, आणि हळूहळू सोरालेनची गरजच नसलेला 311 नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा यूव्ही-बी दिवा पुढे आला. आज आपल्याकडेही कोडासाठी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा तोच वापरतात.

टॅनिंग बेडच्या गिऱ्हाइकांची अशी वही कुणी ठेवली नव्हती. त्यामुळे त्यांच्याविषयीचे ज्ञान अनेक देशांतील रुग्णांना मागाहून प्रश्न विचारून, तुकड्या-तुकड्यांनी जमवावे लागले. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या उपकरणांना तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीत, पहिल्या गटात बसवले. पस्तिशीच्या आत वापर सुरू करणाऱ्यांत मेलानोमाचा धोका 75 टक्क्यांनी अधिक दिसला होता. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील राज्यांनी 2016 पर्यंत व्यावसायिक दुकाने बंद केली. माझ्या मित्राच्या घराखालचे दुकान मात्र उघडे आहे. जर्मनीत ते केवळ अठरा वर्षांखालील मुलांना वर्ज्य आहे.

“पण रापलेली त्वचा पुढच्या उन्हापासून वाचवते ना?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर रेणूंपर्यंत गेल्याशिवाय देता येत नाही. 1960 मध्ये नेदरलँड्सच्या ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांनी अतिनील प्रकाशात थायमिनचे दोन शेजारी रेणू एकमेकांना जोडले जातात हे दाखवले. डीएनएच्या एकाच पट्टीवरची ही गाठ पेशीला कापून दुरुस्त करावी लागते. दुरुस्ती चुकली तर उत्परिवर्तन. मग 1994 मध्ये बॉस्टनच्या बार्बरा गिलक्रेस्ट यांच्या गटाने एक साधा, सुंदर प्रयोग केला. थायमिनच्या जोडीचे सुटे तुकडे, म्हणजे दुरुस्तीत कापून टाकल्या जाणाऱ्या कपच्यांसारखे काहीतरी, त्यांनी गिनीपिगच्या त्वचेला लावले. अतिनीलाचा एकही किरण न पडता त्वचा रापली. 2007 मध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटाने मधली साखळी उलगडली: डीएनएची इजा ओळखणारे पी-53 हे प्रथिनच रंगद्रव्य वाढवण्याचा संदेश सुरू करते. रापणे हे इजा झाल्यावर वाजलेल्या घंटेचे उत्तर आहे. इजेशिवाय घंटा नाही. आणि त्या उत्तराने मिळणारे संरक्षण तीन-चार एसपीएफच्या मलमाइतके. त्यातही मेख आहेच: 2015 मध्ये येलच्या संशोधकांनी दाखवले की यूव्ही-ए थांबल्यावरही तीन तासांहून अधिक काळ, रंगद्रव्याच्याच रासायनिक क्रियांमधून, डीएनएवर तशाच गाठी पडत राहतात. म्हणजे सावलीत आलो, आता सुटलो, असे नाही.

हे सारे आपल्याला कितपत लागू? येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. गडद त्वचेतील मेलानिन बऱ्यापैकी संरक्षण देते आणि भारतात त्वचेचे कर्करोग युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने पुष्कळ कमी आहेत. आपल्याकडे मेलानोमा होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर किंवा तळहातावर असतो आणि त्याचा उन्हाशी संबंध दिसत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाची भीती जशीच्या तशी उचलून येथे आणणाऱ्या जाहिरातींवर मी विश्वास ठेवत नाही. परंतु वांग, अकाली सुरकुत्या आणि मोतीबिंदू यांत अतिनीलाचा वाटा आहे, तो आपल्यालाही चुकलेला नाही. आणि ज्यांच्या त्वचेत मेलानिनच नाही किंवा जागोजागी नाहीसे झाले आहे, त्यांच्यासाठी उष्ण कटिबंधातले ऊन हे रोजचे संकट आहे.

आपला गोंधळ वेगळ्या दिशेचा आहे. युरोपात रापणे आरोग्य म्हणून विकले गेले, तर आपल्याकडे न रापणे गोरेपणा म्हणून. 1975 साली, म्हणजे फिट्झपॅट्रिक मोजपट्टी आखत होते त्याच वर्षी, ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्यात नियासिनामाइडबरोबर अतिनील अडवणारी द्रव्येही होती. म्हणजे कितीतरी भारतीय घरांत शिरलेले पहिले सनस्क्रीन गोरे करणारे मलम या नावाने आले. 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ गेला. पण तोवर दोन पिढ्यांनी उन्हापासून बचाव म्हणजे उजळ दिसण्याची हौस, असेच गृहीत धरले होते. आणि त्यामुळे ज्यांना बचावाची खरी गरज होती, म्हणजे शेतात, रस्त्यावर, बांधकामावर राबणारे, त्यांना हा विषय आपला वाटलाच नाही. टोपी घालणाऱ्या गवंड्याला “गोरा व्हायचंय का?” म्हणून हसणारे मी ऐकले आहेत.

व्यवहाराचे थोडेसे. एसपीएफचा आकडा त्वचेच्या लालीवरून ठरतो, म्हणून तो मुख्यतः यूव्ही-बीचा आहे. यूव्ही-एसाठी डबीवर ‘पीए’ पुढची अधिक चिन्हे पाहावीत. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून चाचणी होते. आपण सहसा त्याच्या निम्मेही लावत नाही, तेव्हा 50 च्या डबीतून 50 मिळत नाहीत. गाडीच्या बाजूची साधी काच यूव्ही-बी अडवते, यूव्ही-ए पुष्कळसा आत सोडते. सिल्क बोर्डच्या कोंडीत रोज तास काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत जुने उपकरण म्हणजे छत्री. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हा ती उघडावी. बावचीचे तेल मात्र कुणीही स्वतःच्या मनाने लावू नये.

आत्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. फोड भरून आल्यावर माझ्या वडिलांनी तिला कोल्हापूरला एका त्वचारोगतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी सोरालेनचीच गोळी दिली आणि सूर्याचेच ऊन सांगितले. दिव्याचे कपाट तेव्हा तेथे नव्हते. फरक इतकाच की दोन तासांनी, काळा चष्मा लावून, पहिल्या दिवशी पाच मिनिटे. मग दर वेळी थोडी अधिक. आणि हे सारे वहीत लिहायचे. गच्चीवर गजराचे घड्याळ घेऊन बसण्याचे काम माझ्याकडे होते. पाच मिनिटे झाली की गजर वाजे, आणि मी ओरडे, “आत्या, सावलीत!” वर्षभराने पांढऱ्या डागांमध्ये तिळाएवढे तपकिरी ठिपके उमटू लागले. सगळे डाग भरले नाहीत. मनगटाजवळचा एक अजून आहे, आणि त्यावर ती आता बाही ओढत नाही.

येत्या 18 ऑगस्टला बंगळुरूवर बहुधा ढग असतील. पातळ ढगांतून अतिनील बऱ्यापैकी खाली येतो, तेव्हा सावली शोधायला मैदानावर जमाल तर नळीबरोबर टोपीही आणा. मी पाण्याचे पिंप आणि काही जादा छत्र्या घेऊन येईन.